एकाने भट्टीपाशी थांबायचं

४ ऑगस्ट

ति. दादास,
धाकट्या ठकूचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. तिकडेही तसंच असेल असं धरून चालते, कारण फोनवर तू ‘हं’च्या पुढे जात नाहीस आणि वहिनी बिल वाढतंय म्हणून ठेवून देते. त्यापेक्षा आपली पत्रंच बरी. आत्ता तुझे दोन्ही हात कणकेत असणार आणि वहिनी स्टुलावर बसून हे तुला मोठ्याने वाचून दाखवत असणार. वहिनी, मध्येच काही गाळू नकोस आणि माझ्या आवाजाची नक्कल करू नकोस.

बातमी अशी की वर्षअखेर मी निवृत्त होतेय. दुसऱ्यांच्या मुली सांभाळता सांभाळता माझे केस पांढरे झाले, तेव्हा आता घरी बस म्हणाले तर त्यात वाईट वाटायचं काही नाही. पण परवा कचेरीत कळलं की वसतिगृहाची इमारत आणि तिच्या मागची आमच्या घरांची रांग, दोन्ही पाडणार आहेत. डिसेंबर संपायच्या आत घर रिकामं करून द्यायचं. मग मी लेकीकडे शहरात, सातव्या मजल्यावर. ती म्हणते, आई, खिडकीतून सगळं शहर दिसतं. दिसत असेल.

घर म्हणजे काही राजवाडा नव्हे. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, तीन पायऱ्या उतरलं की वाळू आणि वाळू संपली की समुद्र. खाऱ्या वाऱ्याने बिजागऱ्या गंजतात, पावसात चपलांना बुरशी येते. पण लग्न होऊन आले ती याच घरात, लेक इथेच रांगली, आणि हे गेले तेही इथेच, व्हरांड्यातल्या खुर्चीत, पेपर वाचता वाचता. आणि दादा, इतक्या वर्षांत माहेरचं एकही माणूस या घरात आलेलं नाही. मी तुमच्याकडे येते, लाड करून घेते, पाव खाऊन फुगून परत जाते. इकडे कुणी आलं नाही. रांगेतल्या बायकांना वाटतं मला कुणीच नाही. वसतिगृहाचा पहारेकरी तर तोंडावर म्हणतो की बाई, तुम्ही आभाळातून पडलात. मी हसते. दर वेळी हसू येतंच असं नाही.

तेव्हा पत्रास कारण इतकंच, की घर पाडायच्या आत तू एकदा ये. माझी खोली, माझा ओटा, माझी खिडकी बघून जा. कुणीतरी आपल्याकडच्याने ते बघितलं की मग मला सोडता येईल. आत्तापर्यंत कधी हट्ट केला नाही, तो आता करतेय.

वहिनीला सा. न. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
ठकू


१७ ऑगस्ट

चि. ठकूस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. वाचून झालं तेव्हा मी काही बोललो नाही, कारण पहिला घाणा भट्टीत जायचा होता. (ठकू, मी वहिनी. नेहमीप्रमाणे मीच लिहितेय, हे कणीक मळता मळता सांगतायत. काही बोलले नाहीत ते खरं, पण कणीक नको तितकी मळली. आजचे पाव चिवट झालेत.)

मी येणार. नोव्हेंबरच्या शेवटी येतो आणि तुझं सामान बांधून देऊनच परततो. यात चर्चा करण्यासारखं काही नाही. दोघांना यायला मिळालं असतं तर प्रश्नच नव्हता, पण भट्टीचं तुला ठाऊक आहे. बाबांनी बांधल्यापासून ती एकदाच थंड पडली, ते गेले त्या आठवड्यात, आणि घुमटाला अशी चीर गेली की पुढचा सगळा हिवाळा बुजवण्यात गेला. शिवाय खमीर आहे. त्याला रोज ताजं पीठ-पाणी लागतं, एक दिवस चुकलं की ते रुसतं. एकाने थांबायचं, हे आमचं लग्नापासून ठरलेलं. तेव्हा तुझी वहिनी थांबेल. तिला भट्टी माझ्याइतकीच कळते. (जास्त कळते.) शेजारच्या लाँड्रीवाल्या मावशी दुकानावर बसतील.

आता मुद्द्याचं. तुमच्याकडचा उकाडा मला झेपेल का अशी डॉक्टरांना शंका आहे. इथे आठ महिने लोकर घालून फिरणारा माणूस, तिथे गेल्यावर भोवळ येऊन पडायचा. मी म्हटलं, मी भट्टीवाला आहे, मला उकाड्याची भीती कसली घालता. तरी तयारी केलेली बरी. म्हणून रोज दुपारी काम संपल्यावर मी भट्टीच्या तोंडासमोर खुर्ची टाकून बसतो. अंगात फक्त बनियन. (गिऱ्हाइकं आत डोकावून बघतात. काल एकीने विचारलं, यांना शिक्षा झालीय का.) पहिल्या दिवशी थोडाच वेळ बसवलं. आता बराच वेळ बसतो, मध्ये एक डुलकीही होते.

दादा आणखी विचारतोय की समुद्राचा आवाज दिवसभर येतो का? झोपेतही येतो का, की सवय झाली की कान तो ऐकायचं सोडून देतात? पाणी खरंच कोमट असतं का? आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला त्याचा रंग कसा असतो?

तब्येतीला जप. इथला जीव तुझ्यात आहे हे विसरू नकोस.

तुझा,
दादा


३० ऑगस्ट

ति. दादास,
ठकूचा सा. न. वि. वि.

तू येणार हे वाचलं आणि तशीच उठून व्हरांड्यातली ती खुर्ची घासायला घेतली. हे गेल्यापासून तिच्यावर कुणाला बसू दिलेलं नाही. तू बस. रंगाचा डबाही आणला. पहारेकऱ्याला सांगितलं की माझा भाऊ येतोय, तर म्हणाला, सख्खा का? मी म्हटलं, सख्ख्याच्या वर काही असेल तर तो.

आता तुझ्या तपश्चर्येबद्दल. दादा, इतकं हसले की वसतिगृहातल्या मुली बघायला आल्या. अरे, भट्टीचा उकाडा कोरडा. इथला ओला. इथे माणूस भाजत नाही, वाफवला जातो. न्हाणीघरातून बाहेर आलं की अंग पुसायच्या आधीच पुन्हा ओलं होतं. कपाटात रात्रंदिवस एक बल्ब लावून ठेवावा लागतो, नाहीतर कपड्यांवर हिरवी बुरशी चढते. मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकावे लागतात. तेव्हा भट्टीसमोर बसून तू फक्त तांबूस झाला असशील. सुती कपडे आण, सैल. लोकर तिकडेच खुंटीला टांगून ये.

समुद्राचं विचारलंस ते मला फार आवडलं. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. आवाज दिवसभर येतो. सवय होते, ऐकू येईनासा होतो, आणि मग कधीतरी घरात अगदी शांत झालं की एकदम पुन्हा ऐकू येतो, कुणीतरी शेजारी येऊन बसल्यासारखा. पाणी कोमट असतं, दुपारी तर अगदी अंघोळीचं. पाचचा रंग सांगणं अवघड आहे. रोज वेगळा. काल शिळ्या चहासारखा होता, परवा निळा आणि त्यात मध्येच हिरवा पट्टा. तू ये आणि बघ.

वहिनी, तू मागे एकटी राहणार म्हणून जीव खालीवर होतो. तुला काय पाठवू दादाबरोबर, ते कळव. संकोच करशील तर बघ.

तुम्हा दोघांची,
ठकू


१४ सप्टेंबर

चि. ठकूस,
आशीर्वाद.

तुझं म्हणणं पटलं. महिनाभर उगाच भाजलो. आता रोज दुपारी लाँड्रीत जाऊन बसतो, जिथे मावशी वाफेच्या इस्त्रीखाली चादरी घालतात तिथे. ओला उकाडा म्हणजे काय ते तिथे कळलं. पहिल्या दिवशी चष्म्यावर वाफ बसून मी दुसऱ्याच कुणाच्या तरी धुतलेल्या पायजम्यांवर बसलो. मावशींनी मला सरळ कामाला लावलं. फुकट घाम गाळायचा नाही म्हणाल्या, चादरीची दोन टोकं धरा. (घडी घालायला शिकले. घरी कधी घातली नव्हती.)

तुमच्या देशात यायचं म्हणजे पासपोर्ट हवा, त्याचंही झालं. ट्रॅव्हलवाला म्हणाला, एका खेपेत दोघांचे करून टाका, पुढेमागे लागतो. हिने कुरकुर केली की माझा नुसता पेटीत पडून राहील. तरी गेलो. फोटोग्राफरने हसू नका म्हणून दहादा सांगितलं, तरी ही हसलीच, तिचा फोटो पुन्हा काढावा लागला. माझा एकदम पसंत झाला. मला न हसण्याची सवय आहे.

शिंप्याकडे न जाता हिने घरीच माझे तीन सुती शर्ट शिवले. बरे झालेत. (काखेत अजून सैल करायला हवेत. मी घालून बघितला एक, वारा छान खेळतो.)

मला काही पाठवू नकोस, असं तुझी वहिनी म्हणते. (मला खरंच काही नको. इथे सगळं आहे. आल्यावर मात्र हे काहीच सांगणार नाहीत, तुला माहीत आहे. विचारलं तर म्हणतील, बरं होतं. म्हणून तूच सविस्तर लिही. आणि जाता जाता एक, ते मावशींना हवंय: साठी उलटलेली बाई पाण्यात गुडघ्यापर्यंत गेली तर तिकडे लोक हसतात का? पायाखालची वाळू सरकते म्हणतात, ती कशी सरकते? आणि लाट येताना दिसते की कळायच्या आत येते? मावशी फार मागे लागल्यात.)

पुढच्या महिन्यात तिकीट काढतो.

तुझा,
दादा


२८ सप्टेंबर

(लाँड्रीवाल्या मावशींना विनंती: आतला कागद दादाच्या हातात द्यावा, दुकानात नको, चादरींची घडी घालताना.)

ति. दादास,
सा. न.

चमकला असशील. हे पत्र तुझं तुलाच वाचायचंय, म्हणून हात पुसून घे, चष्मा पुसून घे आणि कोपऱ्यात बस. वहिनीला वगळून मी तुला आजवर एक ओळ लिहिलेली नाही, त्यामुळे लिहितानाही चोरी केल्यासारखं वाटतंय.

दादा, समुद्राचं कोण विचारतंय? गेल्या आठवड्यात फोनवर मी तुला म्हटलं की पाचच्या रंगाबद्दल आणखी सांगायचं राहिलं, तर तू म्हणालास, कसला रंग, घराला देतेयस का? तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आणि मावशींना मी चांगली ओळखते. त्या पाण्यात जायचं की नाही हे लोकांना विचारून ठरवणाऱ्यातल्या नाहीत.

मी सात-आठ वर्षांची होते, आई नुकतीच गेली होती, तेव्हा वहिनी आपल्या घरी आली. स्वतः पोरगेलीच होती. पहिल्याच दिवशी तिने माझ्या डोक्यातला गुंता सोडवला, एकही केस न ओढता. सगळी सकाळ लागली. त्यानंतर ती कुठे गेली आहे, दादा? आठवून बघ. तुला पिठाच्या गिरण्या बघायला जावं लागलं, लाकडासाठी जावं लागलं, माझ्या लग्नात मला पोहोचवायला स्टेशनापर्यंत तरी तू आलास. ती भट्टीपाशी थांबली. तिचे आई-वडील गेले, ते घरही उरलं नाही. गावातल्या तळ्याहून मोठं पाणी तिने पाहिलेलं नाही, आणि लाट कळायच्या आत येते का ते ती मावशींच्या नावावर खपवून मला विचारते.

तू येऊ नकोस असं मी म्हणत नाही. ते माझ्याच्याने लिहिलं जाणार नाही. खुर्ची रंगवून झाली आहे, रोज सकाळी मला त्यात तू दिसतोस. तू आलास तर मी पहारेकऱ्यापुढे मिरवेन. पण एकालाच येता येणार आहे, आणि मला हे कळल्यावर मी गप्प बसले असते तर माझं मला बरं वाटलं नसतं. काय करायचं ते तू ठरव. जे ठरवशील त्यात मी खूश आहे.

रागावू नकोस. रागावलास तरी पत्र टाक.

ठकू


१० ऑक्टोबर

चि. ठकू,
आशीर्वाद.

हे मी स्वतः लिहितोय. शाळा सुटल्यापासून एवढं लिहिलं नाही. अक्षराला हसू नकोस. मावशींच्या टेबलावर बसलोय, कागद दमट आहे.

आधी राग आला. म्हटलं हिला आपला भाऊ नको झाला. दोन दिवस कुणाशी बोललो नाही. तसा मी बोलत नाहीच, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

तिसऱ्या दिवशी ही माझ्यासमोर बसून बिस्किटं डब्यात भरत होती. मी सहज विचारलं, समुद्राला वास कसला येत असेल? मान वर न करता ती बोलायला लागली. ओल्या लोखंडासारखा येत असेल, म्हणाली, आणि थोडा कच्च्या खमिरासारखा, कारण तोही काही तरी आंबवतच असणार. मग लाटांचं सांगितलं. मग म्हणाली की एवढं पाणी एका जागी ठेवायचं म्हणजे तळाशी किती शांत असेल. डबा भरून झाला तरी बोलत होती. इतकी वर्षं एका छपराखाली आहोत, हिच्या मनात समुद्र आहे हे मला ठाऊक नव्हतं. तुझी पत्रं ती वाचायची तेव्हा मी म्हणायचो, ठकूला विषय कमी पडतात, सारखी पाण्याचंच लिहिते. ती पुढची ओळ वाचायला घ्यायची.

मला यायचं होतं गं. ते तुला सांगून ठेवतो. तुझ्या घराच्या पायऱ्या चढायच्या होत्या. तुझा नवरा गेला तेव्हा भट्टी सोडून यायला हवं होतं असं मला रोज वाटतं. खुर्चीचं वाचलं तेव्हा मावशींनी मला पाणी आणून दिलं.

पण तिला पाठवतो.

मी तिला म्हटलं, तू जा. तिने ऐकून घेतलं नाही. म्हणते भावाचा मान आहे, मी परक्या घरची. परक्या घरची म्हणे. तेव्हा बोलावणं तू कर. तिच्या नावाने पत्र टाक. नेहमी माझ्या नावाने येतं आणि खाली तिला सा. न. असतो. या घरात तिच्या नावाचं पाकीट कधी आलेलं मला आठवत नाही.

शर्ट मी भट्टीवर घालतोय.

दादा


२४ ऑक्टोबर

ति. सौ. वहिनीस,
तुझ्या ठकूचा शि. सा. न. वि. वि.

पाकिटावर नाव तुझंच आहे, पुन्हा उलटून बघू नकोस. आणि मोठ्याने वाचू नकोस.

वहिनी, माहेरचं माणूस यावं असं मी लिहिलं तेव्हा मला दादाच आठवला, कारण भाऊ आठवायची पद्धत असते. पण आजारी पडले की मी ‘वहिनी’ म्हणून कण्हते, हे माझ्या नवऱ्याने मला कितीदा तरी सांगितलं होतं. माझ्या लेकीच्या वेळी अडले होते तेव्हाही मी तुलाच हाक मारली. तू नसतीस तर मला माहेर असतं का? बाबा भट्टीत, दादा भट्टीत. मी कुणाकडे आले असते?

तेव्हा हे बोलावणं दादाच्या जागी नाही. तुला आहे. दादाने माझ्याआधी ठरवलंय, त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही, तो ‘हं’ म्हणेल. गुडघ्यापर्यंत पाण्यात गेलं तर कुणी हसत नाही. हसलंच कुणी तर पहारेकरी आहे आणि मी आहे. लाट येताना दिसते, तरी कळायच्या आत येते. ते कसं, ते मला लिहिता येत नाही.

तू ये. तुला माझं घर दाखवायचंय.

तुझीच,
ठकू


६ नोव्हेंबर

चि. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र सवयीने मोठ्यानेच वाचायला घेतलं. आजारपणाच्या ओळीपर्यंत आले आणि पुढे वाचवेना. यांनी विचारलं, काय झालं, पुढे काय लिहिलंय? मी म्हटलं, घरगुती आहे. तर म्हणतात, मग मी काय बाहेरचा आहे? आणि हसले. खरंच हसले, दात दिसले.

मी यायचं ठरवलंय. ही ओळ तीनदा खोडून लिहिली. मला जायचंय हे कुणाला कळेल याची मला फार भीती होती, ठकू. कळलं असतं तर यांनी लगेच माझ्यासाठी सोडून दिलं असतं, आणि भावा-बहिणीच्या मध्ये मी आले असते. म्हणून मी यांच्या नावावर विचारत राहिले. एवढं चालेल असं वाटलं. तू पकडशील हे लक्षात यायला हवं होतं. लहानपणीही डब्यातलं बिस्कीट कमी झालं की तुला लगेच कळायचं.

काळजी एकच, दुकानाची. भट्टी हे सांभाळतील, पण दुपारी मावशी लाँड्रीत गेल्या की गल्ल्यावर यांनाच बसावं लागणार. गिऱ्हाईक आलं की बघत राहतात, जणू त्यानेच पाव आणून द्यायचाय. रोज संध्याकाळी मी गिऱ्हाईक होते आणि यांना बोलायला शिकवते. काल मी पाव मागितला तर म्हणाले, किती बारीक झालीस तू. मी म्हटलं, गिऱ्हाइकांना असं म्हणायचं नाही.

आम्हाला मूलबाळ झालं नाही, पण त्याचं दुःख करायला मला वेळ झाला नाही, कारण तू होतीस. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. विमानात बसायचं म्हणते आहे, म्हणून आत्ताच सांगून टाकते.

सव्वीस तारखेला पोचते. मी विमानातून उतरले की तू गर्दीत हलू नकोस, एका जागी उभी राहा, मी शोधेन.

तुझी,
वहिनी


२७ नोव्हेंबर

मायना काय लिहायचा ते मला सुचत नाही. तुमच्या वतीने जगाला पत्रं लिहिली, गिरणीवाल्याला, लाकडाच्या वखारीला, ठकूला. तुम्हाला लिहायची वेळ कधी आली नाही, कारण तुम्ही दोन हातांच्या अंतरावर उभे असायचात. तेव्हा मायना तसाच राहू दे. सा. न.

मी सुखरूप पोचले. विमानाचं परत आल्यावर सांगेन, त्यातलं बरंचसं मी डोळे मिटून काढलं. तुम्ही पहाटे खमिराला पाणी किती घालताय? तिकडे आता कडक थंडी, कोमटच घाला. आणि चीर बुजवली होती ती जागा रोज हाताने बघत जा.

ठकू विमानतळावर एका जागी उभी नव्हतीच. ती धावत आली. घरी पोचलो तर चहापाणी राहिलं बाजूला, माझा हात धरून ही रांगेतल्या एकेका दारात मला घेऊन गेली. बायका बाहेर आल्या, मला वरपासून खालपर्यंत बघितलं. कोण म्हणून कुणी विचारलं की ही म्हणे, माझ्या माहेरची. एकीने विचारलं, बहीण का? ठकूने नाही म्हणून डोकं हलवलं. मग आई का? तेव्हा तिने डोकं हलवलं नाही, आणि मीही हलवलं नाही. पहारेकऱ्याने उठून मला नमस्कार केला आणि तिला म्हणाला की बाई, म्हणजे तुम्हाला माणसं आहेत.

मग तिने घर दाखवलं. ओटा दाखवला, कपाटातला बल्ब दाखवला, भिंतीवरच्या लेकीच्या उंचीच्या रेघा दाखवल्या. प्रत्येक बिजागरी उघडून दाखवली. जावईबापू बसायचे ती खुर्ची पिवळ्या रंगाने रंगवली आहे. मला बसवलं. म्हणाली, आता झालं. आणि जी रडायला लागली ती थांबेचना. इतकी वर्षं ती आपल्याकडे यायची तेव्हा हसतच यायची, हसतच जायची. हे रडणं तिने कुठे ठेवलं होतं कोण जाणे. मी जमिनीवर सतरंजी घालून तिला जवळ घेतलं.

आत्ता दुपार आहे. व्हरांड्यात आहोत. ठकू माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली आहे, तोंड थोडं उघडं आहे, लहानपणी असायचं तसंच. हे पत्र मी गुडघ्यावर ट्रे ठेवून एका हाताने लिहितेय. समुद्र समोर आहे. म्हणजे नारळाच्या झाडांच्या पलीकडे आहे, इथून दिसत नाही, नुसता ऐकू येतो. तीन पायऱ्या आणि थोडी वाळू. अजून मी तो पाहिलेला नाही. काल येईपर्यंत अंधार झाला आणि आज सकाळपासून रांगेतली उरलेली दारं झाली. पाय भरून आलेत, मुंग्या यायला लागल्यात, पण हललं तर ही जागी होईल. झोपू दे. समुद्र काही कुठे जात नाही.

सही करताना हात सवयीने ‘दादा’ लिहायला निघाला होता. जेवण वेळेवर करा, आणि मनात माझी जागा आहे तेवढी राहू द्या, इतकंच मागणं.

तुमची,
मी